तोड्याचं टोक

"सगळं रंगव, पण तोड्याचं टोक शेवटी. पूर्ण फौज पटावर उभी राहीपर्यंत त्याला ब्रश लावायचा नाही, कळलं?"

डोक्याच्या ऑपरेशनला आत नेताना दादा ताईला एवढंच म्हणाला होता. वहिनीने कपाळाला हात लावला होता. "घ्या! बायकोला सांगायला काही नाही, शिपायांची मेली काळजी!" तिघंही हसली होती. त्यानंतर दादा शुद्धीवर आलाच नव्हता. डॉक्टर म्हणत होते, वाट बघा.

नुसती वाट बघणं ताईला जमणारं नव्हतं. तिने दादाचे अर्धवट राहिलेले शिपाई रंगवायला घेतले. पटावरच्या लढाईचा हा खेळ दादाने स्वतःच रचला होता. एकीकडे किल्ल्यातले बंदूकवाले, दुसरीकडे धुक्यातून उठणारी पंखांची माणसं. शिपाई बोटाच्या पेराएवढे. प्रत्येकाच्या एका हातात बंदूक, दुसऱ्यात तोडा, म्हणजे बत्ती द्यायची जळती सुतळी. दादा घरी येईल तेव्हा डाव मांडलेला दिसला पाहिजे, आणि तो घरी आलाच पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं.

ताई कृत्रिम दात बनवायची. त्या कामात एकदा छटा जमली की त्या छटेचे सगळे दात एका बैठकीत उरकायचे. पुन्हा तशीच जमेल याचा नेम नसतो. कमरपट्ट्यांसाठी कालवलेला नारिंगी झकास उतरला, आणि हाताच्या सवयीने तिने तोड्यांची टोकंही टिपून टाकली. अर्धी फौज अजून खोक्यातच होती. लक्षात आलं तशी तिने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आली ती नाक वर करूनच. "काय गं, काही जळतंय का? सुतळीसारखा वास येतोय."

गॅस बंद होता. ताईने भिंग डोळ्याला लावलं. नारिंगी टिपके टोकांवर नव्हते. ते लोंबत्या सुतळीवरून शिपायांच्या मुठींकडे सरकले होते. मागे करडं काहीतरी उरलं होतं. सुई लावताच भुरभुरलं.

"ओला रंग ओघळला असेल," वहिनी म्हणाली.

"ओघळ खाली येतो, वहिनी. हे वर चढलंय."

"मग विचार तुझ्या फौजेलाच," वहिनी हसली. पण खुर्ची जरा मागे घेऊन बसली.

ताईला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते कुतूहलच. एका टिपक्याशेजारी तिने सुईने खूण केली आणि वहिनीसाठी चहा टाकून आली. टिपका खुणेच्या पुढे गेला होता.

संध्याकाळी दोघी हॉस्पिटलात गेल्या. ताईने दादाचा हात हातात घेतला. तोड्यांबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. दादाचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले.

"बोटं भाजतील त्यांची."

वहिनी नर्सला बोलवायला धावली.

"कुणाची रे, दादा?"

"घाई केलीस गं." आवाज स्वच्छ होता, नेहमीच्या लटक्या रागाचा. "आता एकाला पाठव. मला वाट सापडत नाहीये."

"पाठवते," ताई म्हणाली. तापात बरळणाऱ्याला म्हणतात, तसं.

नर्स आली तेव्हा त्याचे ओठ मिटले होते. यंत्रावरची रेघ पहिल्यासारखीच संथ चालली होती.

ताई घरी पोचली तेव्हा खोलीत अजून उजेड होता. तोडे विझले होते. प्रत्येक शिपायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं, चिमटीत धरून विझवल्यासारखं.

तिने त्यांना शत्रूसमोर उभं केलं होतं. आता सगळ्यांची तोंडं खिडकीकडे होती.

मधली एक जागा रिकामी होती.

तो खिडकीच्या कट्ट्यावर उभा होता. त्याचा एकट्याचा तोडा पेटलेला होता. काचेवर, त्याच्या तोंडापुढे, वाफेचा बारीक ठिपका उमटला, विरला, पुन्हा उमटला.

दादाला आणायला, की न्यायला?

आता विचारून उपयोग नव्हता. शब्द तर देऊन झाला होता.

तिने कडी काढली. खिडकी ढकलताना सहज मागे पाहिलं.

पटावर सगळ्यांनी टोप्या उतरवल्या होत्या.

ती वळली तोवर नारिंगी टिपका भिंतीवरून खाली उतरून, हॉस्पिटलच्या रस्त्याला लागला होता.