लंबूचं लाल फडकं

थापा मारायची मला सवय नाही. ही आमच्या घरातली गोष्ट आहे, आणि ती घडली तेव्हा लख्ख ऊन होतं.

माझा मामा कोळशाच्या खाणीत वाफेचं इंजिन चालवायचा. तिथल्या साइडिंगवर, म्हणजे डबे उभे करायच्या बाजूच्या रुळांवर, नियम एकच. डबे जोडणारा गडी डब्यांमध्ये शिरताना इंजिनाला लाल फडकं बांधणार आणि बाहेर आल्यावर स्वतःच सोडणार. फडकं असेपर्यंत इंजिन हलवायचं नाही, आणि त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही.

मामाने लावला.

घाई कर म्हणून मुकादम सकाळपासून डोकं खात होता. जोडणारा लंबू चहाला गेला असेल, असं मामाला वाटलं. त्याने फडकं सोडलं, इंजिन हललं...

लंबू दोन डब्यांच्या लोखंडी बफरांमध्ये उभ्या-उभ्या चिरडला.

चौकशीत मामा बेधडक खोटं बोलला. "फडकं नव्हतंच. विसरला असेल बिचारा."

लंबूच्या जागी मामाचा मेव्हणा लागला. मामीचा एकुलता एक भाऊ. लंबूनेच त्याला काम शिकवलं होतं.

तिसऱ्याच दिवशी, भर दुपारी, मेव्हण्याने फडकं बांधलं. "दाजी, डुलकी काढू नका हं!" म्हणत तो डब्यांमध्ये शिरला.

वाफ बंद होती. ब्रेक आवळलेला होता.

तरी चाकं करकरली...

मामा ब्रेकला लोंबकळला. वाफ सोडायचा दांडा आपोआप पुढे सरकत होता. दोन्ही हातांनी ओढूनही मागे येईना.

"दाजी! छाती दबतेय! थांबवा!"

"लंबू, सोड त्याला!" मामा ओरडला. "फडकं मीच सोडलं होतं! मी खोटं बोललो रे!"

इंजिन जागीच थांबलं.

मेव्हणा बाहेर आला. बरगड्या मोडलेल्या, तोंडात रक्त. हातात डबे जोडायचा लोखंडी आकडा. तो तसाच इंजिनावर चढला.

"तुम्ही मारलंत त्याला?"

पहिला फटका जबड्यावर बसला. दात खाली सांडले. दुसऱ्याने खांदा निखळला. मामाने हात वर केला नाही. घे मारून, माझंच चुकलंय, असं त्याला वाटत होतं.

तिसरा फटका आलाच नाही...

मामाचा गळा आवळला जात होता. मेव्हण्याचे दोन्ही हात मात्र आकड्यावरच होते. तो मामाच्या मागे कुणाकडे तरी बघत होता.

"बस कर, लंबूदादा! माझ्या ताईचा नवरा आहे तो!"

पकड सुटली.

मामाने सगळं कबूल केलं, शिक्षाही भोगली. पण आजही जेवताना मध्येच त्याचा श्वास कोंडतो, डोळे बाहेर येतात. मामी धावत शेजारून भावाला आणते. तो दारात उभा राहून हात जोडतो. "बस कर, दादा."

तेव्हाच मामाला श्वास येतो.

गेल्या महिन्यापासून मेव्हण्याला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर काही धड बोलत नाहीत.