गंगीची मुकी खूण

खंड्याने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, "माशात खूण नाही," आणि नभा परातीतल्या माशावर वाकली.

खंड्या म्हणजे यमूआत्याचा यंत्रपक्षी. चोचीत वाचक (खुणेचा नंबर ओळखणारं यंत्र) धरून तो फार तोऱ्यात मिरवायचा. यमूआत्या माशांची शास्त्रज्ञ. शेवाळकोंडातले (नदीच्या खोल डोहातले) महाशीर मासे धरणाजवळच्या नव्या पाटातून वर चढतात का, हे तिला शोधायचं होतं. आणि समोर परातीतल्या पाण्यात निजली होती गंगी, फाटक्या पराची. बोटाएवढी होती तेव्हापासून नभाने तिला टाकीत वाढवलं होतं.

टोचणयंत्र (खटका असलेली हातातली पिचकारी) नभानेच सज्ज केलं होतं. स्पिरिटमधली सुई तिने तिरपं तोंड वर ठेवून बसवली, माशाच्या अंगात ठेवायची तांदळाच्या दाण्याएवढी काचेची खूण आत सरकवली. त्याआधी एक खूण पाण्याच्या वाटीत सोडून दट्ट्या शेवटपर्यंत जातो ना, हेही पाहिलं. लवंगतेलाच्या पाण्याने गंगीला गुंगी आली, आत्याने सुई तिच्या पोटाशी धरली आणि नभाने खटका दाबला. मग खूण गेली कुठे?

नियमाप्रमाणे मासा पुन्हा टोचावा लागेल, असं खंड्याने बजावलं. गंगीचे कल्ले आता भराभर हलू लागले होते. गुंगी उतरत होती.

"आत्या, तिला परत नको गं टोचूस," नभा रडवेली होऊन म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलंय."

"मग काय चुकलं ते शोध. मला सांग, खुणेत बॅटरी नाही, तरी ती बोलते कशी?"

आत्याने घाईघाईत समजावलं. वाचकात तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र (चुंबकाचा असर जिथवर पोचतो तो भाग) बाहेर पडतं. ते खुणेतल्या इवल्या वेटोळ्यातून गेलं की तिथे वीज तयार होते. तेवढ्या विजेवर खूण जागी होते आणि आपला नंबर सांगते.

"आणि ते क्षेत्र पोचलंच नाही तर?"

"तर ती झोपूनच राहते."

सकाळपासूनचे सगळे मासे बोलले होते, पण ते प्लॅस्टिकच्या टबात होते. कोंडात मासा सोडायचा तो पितळेच्या परातीतून, ही गावची रीत. लाडक्या गंगीसाठी नभाने घरची परात आधीच आणून ठेवली होती आणि टोचल्यावर तिला थेट त्यातच निजवलं होतं.

"आत्या, परात!"

आत्याने कपाळावर हात मारला. वाचकाच्या क्षेत्रामुळे धातूत वीज गरगर फिरू लागते आणि ती उलट त्या क्षेत्राचाच जोर खाऊन टाकते. हे स्वतःला ठाऊक असूनही समोरची परात दिसली नाही, असं तिने हसत कबूल केलं.

गंगीला टबात ठेवलं. खंड्याने चोच जवळ नेली आणि नंबर घडाघडा म्हणून दाखवला. मग दोघींनी रीत मोडली नाही; गंगीला परातीतूनच कोंडात सोडलं.

वर येणाऱ्या माशाचा नंबर वाचायला पाटाच्या वरच्या दाराला आत्याने मोठं वेटोळं बसवलं. आषाढात पाट भरून वाहू लागला, तेव्हा खंड्या नभाच्या अंगणात येऊन बसला. नेहमी नंबरांची पोपटपंची करणारा तो शहाणा या वेळी एवढंच म्हणाला, "गंगी वर पोचली."