दोनशे फुटांचा नियम

ही १९६८ सालची गोष्ट. आदल्या वर्षी शोभेच्या दारूच्या ठिणगीने एक गोदाम जळालं, म्हणून आमच्या नगरपालिकेने नियम केला: आतषबाजी राहत्या घरापासून दोनशे फूट लांब हवी, जवळ पाण्याच्या आठ बादल्या हव्यात, वारा पडलेला हवा आणि अर्ज परवान्यांच्या खिडकीवर द्यायचा. त्या खिडकीमागे मी बसायचे. वय बावीस, नियम तोंडपाठ.

तो आला भर दुपारी. गावाच्या शताब्दीची आतषबाजी त्याला करायची होती. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता.

"पत्ता लिहिला नाहीत," मी म्हटलं.

"अजून ठरलेला नाही. काम आवडलं तर पालिका मला कायमचं ठेवणार आहे. मग इथेच खोली बघीन."

"आणि जमलं नाही तर?"

"दुसऱ्या गावाहून बोलावणं आहे. तिथली खिडकी जरा प्रेमळ असेल…"

"मग तिथेच अर्ज करा."

तो हसला — आणि माझा शिक्का उलटा पडला.

पुढच्या दहा दिवसांत तो सहा वेळा आला. कधी बादली केवढी हवी ते विचारायला, कधी वारा पडलाय हे कुणी ठरवायचं ते विचारायला.

"नियमात नसलेलं काही विचारू?" एकदा म्हणाला.

"त्याला वेगळा अर्ज लागतो."

"कुणाच्या नावे?"

मी खिडकी लावून घेतली. हसू दिसायला नको ना! घरी वहिनी म्हणायची, "आमच्या वन्सं हल्ली चहात दोनदा साखर घालतात."

मैदान मोजायला मलाच जायचं होतं. फितीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

"सरळ धरा," मी ओरडले.

"धरलंय. तुम्ही बघता म्हणून हलतंय."

मैदानाच्या कडेला एक घर होतं आणि त्याच्या अलीकडे एक बंद खोली. त्याला परवानगी द्यावी असं मनातून इतकं वाटत होतं, की मला माझाच भरवसा वाटेना. बाईंनी मर्जीतल्या माणसासाठी माप वाढवलं, असं उद्या कुणी म्हणायला नको… म्हणून घर सोडून मी त्या खोलीपासून फीत धरली. एकशे शहाण्णव. मागे नदी, सरकायला जागा नाही.

"चार फूट…?" त्याने विचारलं.

"चार फूट," म्हणत मी 'नामंजूर' लिहिलं.

त्याने वाद घातला नाही. "नियम तो नियम," एवढंच म्हणाला. मग थांबून, "खिडकी मात्र आवडली होती."

सोमवारी आमच्या हेडक्लार्ककाकांनी कागद पाहिला. "अगं पोरी, ती तर लाकडं ठेवायची खोली! तिथे राहतं कोण, उंदीर? नियम राहत्या घराचा आहे."

मी त्याच्या लॉजवर धावले. तो सकाळीच गेला होता.

लॉजवाल्याकडून त्याचा नवा पत्ता घेऊन मी पत्र टाकलं: 'माप चुकले. परवानगी आहे.' उत्तर आलं: 'इथे तीन वर्षांचा करार केला. फक्त मापच चुकलं होतं का?'

'नाही. मी थांबेन.' एवढं लिहायला मला अकरा दिवस लागले.

दुसऱ्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले. डोळ्यांदेखत लेकीचं लग्न व्हावं म्हणाले, आणि माझ्याच्याने तोंड उघडवलं नाही. त्याला कळवायलाही हात धजला नाही.

हेडक्लार्ककाका निवृत्तीनंतर नातवंडांत रमले आणि समाधानाने गेले. माझे यजमान शिक्षक होते, भला माणूस. चौतीस वर्षं संसार झाला. त्याने त्या दुसऱ्या गावातच उशिरा लग्न केलं, दोन मुली झाल्या. चार वर्षांपूर्वी तो गेला. वहिनी आता नव्वदीला टेकली आहे. गेल्या वर्षी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "करार संपला त्याच आठवड्यात आला होता गं तो. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. 'सुखात आहे ना?' एवढंच विचारलं. मी हो म्हटलं."

वहिनी खोटं बोलली नव्हती. मी सुखातच होते. पण ते त्याला कळायला नको होतं, असं आजही वाटतं.