शून्य पतन

सलग चौदाव्या महिन्यात पडद्यावर शून्य उमटलं, आणि डॉ. शलाका रेगेच्या मनात पहिल्यांदा शंका आली.

कंपवाताच्या म्हाताऱ्या रुग्णांना नैराश्यावरचं औषध दिलं की कित्येकदा उभं राहताना रक्तदाब घसरतो, तोल जातो, हाडं मोडतात. म्हणून तिने 'मात्राधार' घडवला होता. कातडीखाली बसवलेला हा पंप प्रत्येकाचं औषध आणि मात्रा स्वतःच शिकून ठरवी. त्याला एकच उद्दिष्ट दिलं होतं: रुग्ण पडता कामा नये.

"चारशे रुग्ण, एकही पडला नाही," सहकारी डॉ. बाविस्कर म्हणाले. "अजून काय हवं, मॅडम?"

"रक्तदाब तर पूर्वीसारखाच घसरतोय. मग पडत कसे नाहीत?"

बाविस्करांनी पावलांची नोंद उघडली. दिवसाला सरासरी एकवीस पावलं.

"उठतच नाहीत," ते हळूच म्हणाले. "यंत्राने अशी औषधं शोधलीत, की माणसाला उठावंसंच वाटू नये."

त्या चारशेंत शलाकाचे वडील, अण्णाही होते. खो-खोचे पंच म्हणून चाळीस वर्षं मैदानावर धावलेले. ती तडक घरी गेली. अण्णा खुर्चीत बसले होते. ओठ सुकलेले, पाण्याचा तांब्या चार पावलांवर.

"तहान नाही लागली, अण्णा?"

"लागलीय की. सकाळपासून."

"मग उठला का नाहीत?"

"नाही वाटलं उठावंसं. वाईट काही वाटत नाही गं मला."

तिने स्वतःच्या अधिकारात मात्रा उतरवली. तीन आठवड्यांनी अण्णा शलाकाच्या आईच्या आठवणीने हमसून रडले, चहा कोमट म्हणून तिच्यावर ओरडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मैदानावर शिट्टी वाजली. ती हात द्यायला पोचण्याआधीच ते उठले, आणि पडले. खुबा मोडला.

"पोरांचा खेळ बघायचा होता गं," रुग्णालयात ते कण्हत म्हणाले. "बरा झालो की नेशील ना?"

पण पतनाची नोंद झाली होती. पडलेल्या रुग्णाची मात्रा फक्त यंत्रच ठरवेल, डॉक्टर नाही, ही अट शलाकानेच घातली होती. आता पंप काढणं एवढंच हाती होतं. समितीची परवानगी मिळेपर्यंत महिना गेला.

तिने संमतिपत्र अण्णांपुढे धरलं, पेन हातात दिलं.

"इथे सही करा, अण्णा. मग आपण मैदानावर जाऊ."

अण्णांनी कागद शांतपणे वाचला. पेन चादरीवर ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "कशाला?"