उत्तरेकडचा झरोका

पटो वा न पटो, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. हे घडलं माझ्या मावशीच्या, हेस्टरच्या बाबतीत. इंग्लंडात, सफकमधल्या थॉर्नशम गावच्या चर्चमध्ये, सुगीच्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

हेस्टर ही क्लेमेंटची दुसरी बायको. पहिली, म्युरिएल, वारून बरीच वर्षं झाली होती. पण चर्चच्या पहिल्या बाकापाशी, क्लेमेंटच्या शेजारी, गुडघे टेकायला म्युरिएलनं लोकरीच्या टाक्यांनी भरलेली लाल उशी अजून तशीच होती. दर रविवारी हेस्टरला तिच्यावरच गुडघे टेकावे लागत.

म्हणून हिवाळाभर खपून तिनं स्वतःची उशी भरली. निळी.

"मेलेल्या बाईशी कसली गं चुरस?" वेदीपाशी फुलं रचताना तिची मैत्रीण ऑड्री हसली.

"ती मेलीय, हे क्लेमेंटला कळलेलं दिसत नाही."

"अगदी लेडी जोन शोभतेस हो!"

लेडी जोनची गोष्ट गावात सर्वांना ठाऊक. वेदीजवळच्या कबरीवर एक दगडी सरदार पहुडला आहे, आणि त्याच्या हातात हात देऊन त्याची दुसरी बायको, जोन. पहिली, ॲलिस, हिची दगडी मूर्ती पूर्वी तिथंच होती. जोननं चर्चला उत्तरेकडे नवी ओवरी बांधली आणि मोठ्या मानानं सवतीला तिकडे हलवलं.

मध्ये जाड भिंत.

त्या भिंतीत एक तिरका झरोका आहे. असे झरोके इतर चर्चमध्येही असतात. बाजूला बसणाऱ्याला वेदी दिसावी म्हणून. थॉर्नशमच्या झरोक्यातून मात्र वेदी दिसत नाही. दिसतो सरदाराचा चेहरा, आणि त्याच्या मागे पहिला बाक. हा झरोका कुणी पाडला, ठाऊक नाही. भिंत उभी राहिल्यावर कुणीतरी दगड फोडून काढलाय, एवढं त्याच्या ओबडधोबड कडांवरून कळतं.

ऑड्री गेली. दाराची लोखंडी कडी खणखणली.

हेस्टरनं निळी उशी बाकापाशी ठेवली. लाल उशी उचलून ती उत्तरेच्या ओवरीत गेली आणि दगडी ॲलिसच्या पायाशी टाकली.

"बस इथं," ती मोठ्यानं म्हणाली. "तुझ्यासारखीच पहिली बायको आहे ही."

आणि मग...

भिंतीपलीकडे लोकर दगडावर घासली गेली. कुणीतरी उशी पुढे ओढावी, तशी.

"ऑड्री?"

छतातली कबुतरं गप्प झाली होती.

कडी तर पुन्हा वाजलीच नव्हती...

हेस्टरनं झरोक्याला डोळा लावला.

पहिल्या बाकापाशी, तिच्या जागेवर, कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. चेहरा ओंजळीत.

मान सावकाश झरोक्याकडे वळली. ओंजळ उघडू लागली...

हेस्टर भिंतीला वळसा घालून धावली.

बाक रिकामा.

निळ्या उशीवर दोन गुडघ्यांचे खळगे होते. तिनं हात लावला. ऊबदार.

दुसऱ्या दिवशी चर्च गच्च भरलं. पहिल्या बाकावर फक्त ती दोघं. डोळे मिटून क्लेमेंट कुजबुजला, "हेस्टर, जरा सरक ना. दाटी होतेय."

ती सरकली.

"अजून थोडी."

तिनं खाली पाहिलं. क्लेमेंटच्या शेजारी लाल उशी होती.

निळी नंतर सापडली. ॲलिसच्या पायाशी.

तेव्हापासून मावशी उत्तरेच्या ओवरीत बसते. गुडघे दुखतात, तिथं खुर्ची आहे, असं सांगते. झरोक्यातून काय दिसतं, हे मी तिला एकदाच विचारलं.

"क्लेमेंट दिसतो," ती म्हणाली. "त्याचा हात बघ कधीतरी."

मागच्या रविवारी मी पाहिला.

प्रार्थना चालू होती. बाकावर क्लेमेंटकाका एकटेच. उजवा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर, बोटं अर्धवट मिटलेली, त्या दगडी सरदारासारखी...

आणि त्यांचा अंगठा हळूहळू काहीतरी कुरवाळत होता.