पप्पांचा फोन उचलायचा नसतो

ह्यातलं एक अक्षर वाढवलेलं न्हाय. वाढवायचंच असतं तर अमावस्या घातली असती, चिंचेचं झाड घातलं असतं.

हितं तसलं काय न्हाय.

दुपार हाय. लख्ख ऊन हाय. कोल्हापुरात राजारामपुरीच्या मागं आमचा बोळ हाय, तितं झालंय. २००९ची दिवाळी होऊन गेल्यावर.

आणि आमच्या घरात भूत मानत न्हाईत, हे आधीच सांगतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. अंगारा न्हाय, उतारा न्हाय. पप्पा म्हणायचे, "भूत बघायचंय तर आरशात बघ. केस बघ की तुझं."

मी प्रसेनजीत. शाळा सोडलीय. का सोडली ते विचारू नका, डोकं फिरतं.

पप्पा टेम्पो चालवायचे. मुरगूडकडनं गूळ न्हाईतर भाजी भरायची, कोल्हापुरात टाकायची. आमचा बोळ अरुंद. खाट बोळातच असायची आणि दिवसभर त्यावर शेजारच्या बाळाबाई लसूण सोलत बसायच्या. खाट काढल्याशिवाय टेम्पो आत यायचा न्हाय.

म्हणून कोपऱ्यावर आले की पप्पा मिस कॉल द्यायचे.

घरात एकच फोन. बटणाचा. तो वाजला की आई वरडायची, "बाळाबाई, उठा, टेम्पो आला!" खाट भिंतीला. चहा गॅसवर.

फोन उचलायचा न्हाय. उचलला की त्यांचा बॅलन्स जातो. माझी धाकटी बहीण दीक्षा, तिनं बारीक असताना एकदा उचलला. पप्पा आत आले ते वरडतच. "काय गं, कलेक्टर हाईस व्हय? कोपऱ्यावरनं हितं बोलायला पैसं घालवलंस!"

परत कुणी उचलला न्हाय.

ऑगस्टमध्ये कागलच्या अलीकडं टेम्पो पलटी झाला. पप्पा केबिनमध्ये अडकले. हातात फोन होता. त्यांनी घरी लावला.

वाजला... वाजतच राहिला...

आईनं बाळाबाईंना उठवलं. खाट भिंतीला लावली. चहा ठेवला.

परत वाजला.

आई म्हणली, "चहा काय पळून जातोय व्हय, किती ती घाई!"

उचलला न्हाय. आमच्यात उचलायचाच नसतो.

चहा गार झाला. मग दुसऱ्याच नंबरावरनं फोन आला, तो उचलला.

पप्पांचा फोन तितंच चेंबला. सिमकार्डपण गेलं. पुण्यानुमोदन झालं, पावणं येऊन गेलं. मी रडलो न्हाय. आईपण न्हाय. घरात कुणी मोठ्यानं बोलायचं बंद झालं, एवढंच. आणि खाट परत बोळात आली, ती तेव्हापासनं कुणी हलवली न्हाय. हलवायची कशाला?

दिवाळीला मामाचा सूरज पुण्यासनं आला. कंपनीत हाय. त्यानं एक डबा माझ्याफुडं टाकला.

"घे. तुझं डोकं जरा ह्यात घाल."

आत मोबाईल. बटणं नसल्यातच जमा, खाली दोन-चार. वर नुसती काच.

"नंबर कसा दाबायचा?"

"बोटानं. काचेवर. ॲन्ड्रॉइड म्हणत्यात ह्याला."

"इचलकरंजीचा हाय काय?" दीक्षा म्हणली.

सूरज हसला. घरात लई दिवसानं कोण तरी हसलं. जरा विचित्रच वाटलं.

"पहिल्यांदा अकाउंट काढायचं," तो म्हणला.

आतनं आई म्हणली, "बँकेत?"

"न्हाय ओ आत्या, मेलचं."

मग त्यानं एकेक दाखवलं. वरची पट्टी बोटानं खाली ओढायची, की काय आलंय ते दिसतं. घड्याळ पाहिजे तितं ठेवायचं. वॉलपेपर दीक्षाला फुलांचा पाहिजे होता, मी काळा ठेवला. कुलूप म्हणून ठिपके जोडून नक्षी काढायची. मी आमच्या बोळाचं वळण काढलं. सरळ खाली आणि मग उजवीकडं.

घरातलं सिम त्यात घातलं. सिमवरची नावं फोनमध्ये घेतली. एकेक नाव वर सरकत गेलं.

सूरजचं बोट थांबलं.

पप्पा.

"हे... ठिवू का काढू?"

आई आतनं म्हणली, "राहू दे."

दीक्षानं भिंतीवरची फ्रेम काढून आणली. नवा टेम्पो घेतला तेव्हाचा फोटो. टेम्पोला हार, शेजारी पप्पा. सूरजनं त्याचा फोटो मारला आणि नावाला जोडला.

"दादा, पप्पांना ट्यून वेगळी लाव," दीक्षा म्हणली.

माझं टाळकं सटकलं. "मेलेल्या माणसाला ट्यून कशाला गं?"

फोन हिसकावून घेतला. यादीत 'सायलेंट' दिसलं, ते दाबलं. थरथरायचं पण बंद केलं.

"घे. लावली."



सूरज पुण्याला गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. जेवणं झालेली. मी उंबऱ्यात बसून फोनवर घड्याळ हिकडचं तिकडं करत होतो. आई तांदूळ निवडत होती.

आई उठली...

परात बाजूला सारली. माझ्या अंगावरनं बाहेर गेली.

"बाळाबाई, उठा."

बाळाबाई लसणाची पाटी घेऊन तशाच उठल्या. आईनं खाट धरली. फरशीवर पायांचा खर्रर्र आवाज झाला... ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

आणि माझ्या हातातला फोन उजळला.

टेम्पो. हार. पप्पा.

आवाज न्हाय. थरथर न्हाय. नुसता उजेड.

मग विझला. वर पट्टीवर बारकं चिन्ह आलं. मी पट्टी खाली ओढली.

मिस कॉल. पप्पा.

आत गॅस पेटल्याचा आवाज आला. आईनं कप मांडले. आम्ही घरात तिघं. कप चार.

मी उलट फोन लावला. एक बाई बोलली, "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

परत लावला. तेच.

मला राग आला. भ्या न्हाय, राग. कुणी तरी चेष्टा करतंय, त्याचं तंगडं मोडायचं, एवढंच डोक्यात. सूरजला फोन लावला.

"कंपनीनं नंबर दुसऱ्याला दिला असंल रे," तो म्हणला.

"मग ती बाई अस्तित्वात न्हाय कशी म्हणती?"

सूरज म्हणला, "सगळं पूस. रिसेट मार. कायतरी गडबड झाली असंल."

मारला. वॉलपेपर गेला, कुलूप गेलं, नावं गेली, फोटो गेला. डब्यातनं काढला तसा कोरा फोन. अकाउंटपण परत घातलं न्हाय. सिमवरनं नावंपण घेतली न्हाईत.

दुसऱ्या दिवशी दुपारी...

परात बाजूला सरकल्याचा आवाज.

"बाळाबाई, उठा."

खर्रर्र...

फोन उजळला. पप्पांचाच फोटो. कोऱ्या फोनमध्ये. आवाज तरीपण न्हाय.

माझी नजर बारीक हाय, समदे म्हणत्यात. टेम्पोचा उजवा इंडिकेटर लागलेला होता. मी पळत जाऊन भिंतीवरची फ्रेम बघितली. तिथं लागलेला न्हवता.

आमच्या बोळात वळायला उजवा इंडिकेटरच द्यायला लागतो.

बाळाबाईंनी सगळं वळखलं होतं. त्या आईला म्हणल्या, "मीनाबाई, त्येंचं कायतरी राह्यलंय. निवद तरी दाखवा."

"आमच्यात तसलं न्हाय, बाळाबाई."

"मग करताय काय?"

"चहा ठेवते की."

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं. उजळला की हिरवं बटण दाबायचं. उजळला. मी बोट नेलं, आणि आईनं माझं मनगट धरलं. कधी आत आली कळलंच न्हाय.

"उचलू नगंस. बॅलन्स जाईल त्येंचा."

मीठ संपलंय म्हणून सांगावं, तशी म्हणली.

मग हे रोजचंच झालं. खरं सांगतो, सवय झाली. आई उठायची, खाट काढायची, फोन उजळून विझायचा, आम्ही चहा प्यायचो. चौथा कप उंबऱ्यावर. संध्याकाळी दीक्षा तो मोरीत वतायची. कुणी कुणाला काय विचारायचं न्हाय. वाईट वाटायचं न्हाय, बरंपण वाटायचं न्हाय. पायाला मुंगी येती न्हवं, तसं सगळ्या घराला आलं होतं.

आणि एका दुपारी तो विझलाच न्हाय.

खाट निघाली. चहा उकळून वर आला. आईनं गॅस बंद केला. तरी उजेड तसाच.

"आई... थांबंना झालाय."

आई येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत बघत राहिली.

"त्या दिशीपण असाच लई येळ वाजला हुता," ती म्हणली.

फोन तसाच उजळलेला.

"उचल प्रश्या."

मी हिरवं बटण दाबलं. कानाला लावला.

आधी काहीच न्हाय...

मग टिक्... टिक्... टिक्...

इंडिकेटर.

बाहेर भिंतीजवळ उभ्या बाळाबाई खोकल्या. फोनमध्येपण खोकल्या. तोच खोकला. लांबनं आल्यागत न्हाय... दारातनं.

मी दाराकडं बघितलं. बोळ मोकळा. ऊन.

मग कानात पप्पा.

"खाट काढली का?"

मी काय काय बोलू शकलो असतो. मी म्हणलो, "व्हय. काढली."

टिक्... टिक्...

आणि बंद.

"काय म्हणलं?" आईनं विचारलं.

"खाट काढली का म्हणलं."

आईनं मान हलवली. चौथा कप उचलला आणि उंबऱ्यावर नेऊन ठेवला.

त्या दिवसापासनं फोन उजळला न्हाय.

आई दुपारी बसून राहायची. उठायची न्हाय. परात मांडीवर, तांदूळ निवडून झालेले, तरी बोटं फिरत असायची. आठ दिवसांनी एकदाच म्हणली. माझ्यावर ठपका ठेवून न्हाय, साधंच.

"बॅलन्स संपला असंल त्येंचा."

काल मी राजारामपुरीत सयाजीच्या दुकानात गेलो. रिचार्ज मारतो तो.

नंबर सांगितला. त्यानं दाबून बघितला. "बंद नंबर हाय रे ह्यो. जाणार न्हाय."

"मार."

"अरे पैसं अडकत्यात, मग माझ्याच नावानं शंख करशील."

"मार म्हणतो न्हवं!"

"लगेच भडकतंय बघ येडं." त्यानं मारला. आम्ही दोघंबी बघत राहिलो.

त्याच्या फोनवर मेसेज आला.

सयाजीनं दोनदा वाचला. "आयला... गेला की."

मी घरी कुणाला सांगितलं न्हाय.

आज दुपार झालीय. हे मी उंबऱ्यात बसून लिहितोय. फोन समोर हाय. पप्पांचा नंबर मी परत घातलाय. ट्यून लावावी म्हणतोय, बोट जात न्हाय. खाट बोळात हाय, बाळाबाई लसूण सोलत्यात. आईच्या मांडीवर परात हाय.

आईला रिचार्जचं ठावं न्हाय.

परात बाजूला सरकल्याचा आवाज आला आत्ता...

"बाळाबाई, उठा."