बेल्ट लागला?

औषध पाच मिली सांगितलं की साडेसात, या एका प्रश्नापायी ती त्या रात्री पावणेदोनपर्यंत टक्क जागी होती.

मोठ्या काकांनी गोष्ट अशी सुरू केली तेव्हा गच्चीवरची पोरं हसली. भुताच्या गोष्टीत औषधाचं माप कुठून आलं?

"हसा," काका म्हणाले. "माझ्या मित्राची सून आहे ती. आम्ही दोघं रस्ते खात्यात बरोबरीचे. मागच्या डिसेंबरात माझ्याकडे आली, चहा पुढ्यात ठेवला तो गार झाला, तरी बोलतच होती. तिनं सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही घालत नाही."

"काका, हे तुम्ही दर वेळी म्हणता."

"दर वेळी खरंच असतं. आता गप्प बसा."

तर तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. त्याचे शाळेतले मास्तर किनाऱ्याच्या पार टोकाला एकटे राहायचे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा तयार होता. कुरिअरनं पाठवला असता. पण नवरा म्हणाला, आपणच जाऊन देऊ. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. मधे घाई नाही. तुला जरा बदल.

बदल तिला हवाच होता म्हणे. म्हणजे सगळे तसं म्हणत होते. मुलगी झाल्यापासून चार वर्षं ती सलग झोपली नव्हती आणि अलीकडे तिला कशाचं काही वाटेनासं झालं होतं. रडू नाही, हसू नाही. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात ना, तशी ती सगळीच्या सगळी बधिर. फक्त काळजी तेवढी शाबूत.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. पायच ठरत नसत पोरीचे. पण गाडी घाटात शिरली की तिसऱ्या वळणाला ओकारी. आणि तो रस्ता म्हणजे वळणांची माळच, एका बाजूला डोंगरभर जंगल आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र. म्हणून भिंगरीला घरीच आजीकडे, म्हणजे हिच्या सासूकडे ठेवलं. सर्दी होती, औषध चालू होतं. निघताना सासूला किती मिली सांगितलं, ते प्रकरण तिथलं.

भिंगरी घरी राहिली, पण तिची खुर्ची गाडीत राहिली. लहान मुलांची असते ना, मागच्या सीटवर बांधायची, छातीवर दोन पट्टे येतात ती. नवऱ्यानं ती एका रविवारी बसवली होती आणि त्या कामात त्याची चार बोटं सोलवटली होती. "ही काढली तर परत बसवायला मी जिवंत राहणार नाही," तो म्हणाला. राहू दे म्हटलं.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या गाडीत एक नियम होता. आईनं विचारायचं, "बेल्ट लागला?" मागून भिंगरीनं ओरडायचं, "लागला!" मगच नवरा किल्ली फिरवणार. भिंगरीला बोलता येऊ लागल्यापासूनचा नियम.

निघायच्या दिवशी सकाळी ती गाडीत बसली आणि सवयीनं विचारलं, "बेल्ट लागला?"

मागे रिकामी खुर्ची. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला असणार, कारण नवऱ्यानं लगेच नाक चिमटीत धरून, बारीक आवाजात म्हटलं, "लागला!"

तीही हसली. निदान तिला आठवतंय तसं.

मग तो खेळच झाला. चहाला थांबले, निघताना तिनं विचारायचं, त्यानं नाक धरून उत्तर द्यायचं. समुद्र बघायला कड्यावर थांबले, परत तेच. समुद्र मोठा होता, निळा होता. झाडं कड्याच्या ओठापर्यंत आलेली. ती म्हणाली, "छान आहे." नवरा म्हणाला, "नुसतं छान?" तिनं आणखी एकदा बघितलं आणि म्हणाली, "खूप छान आहे." आत काही हललं नाही. मनात एवढंच चाललेलं की आईंना फोन लागत नाहीये.

असं करत, रमतगमत, दोन दिवसांत बारा-तेरा वेळा तिनं त्या रिकाम्या खुर्चीला विचारलं असेल, बेल्ट लागला का म्हणून.

पहिली रात्र वाटेतल्या लॉजवर. ती पावणेदोनपर्यंत जागी होती ती हीच. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांकडे पोचले. मास्तरांनी चष्मा लावला, तिच्याकडे नीट बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, "अरे, हिला घरी घेऊन जा. हिचा जीव तिथंच राहिलाय." तरी जेवल्याशिवाय सोडलं नाहीत. वाटेत मुक्काम करायचा ठरला होता, तो रद्द. रात्रीतच घर गाठायचं. निघायला आठ वाजले.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख. मंगळवार. गाडीतल्या घड्याळात नऊ वाजून बेचाळीस मिनिटं.

वळणावर झाडाची फांदी आडवी पडलेली.

नवऱ्यानं गाडी थांबवली, बंद केली, दिवे चालू ठेवले. टॉर्च मागच्या सीटवर होता. तो काढायला त्यानं मागचं दार उघडलं. टॉर्च घेतला. दार तसंच उघडं टाकून पुढे गेला.

ती आतच. हातात फोन. रेंज नाही. पाच की साडेसात, पाच की साडेसात. बाहेर पानांचा आवाज, खाली कुठेतरी लाटांचा. उघड्या दारातून गार हवा आत येत होती. तिला वाटलं, दार लावून घ्यावं. हात उचलला गेला नाही.

समोर दिव्यांच्या उजेडात नवरा फांदी ओढत होता. फांदी हलली. कडेला गेली. झालं, आता निघायचं. पुन्हा फोनमध्ये मान घालून ती सवयीनं बोलून गेली,

"बेल्ट लागला?"

मागे टक् असा आवाज झाला.

"...लागला."

ती गालात हसली. या वेळी आवाज अगदी बारीक काढला होता त्यानं. मग तिनं वर पाहिलं.

नवरा अजून बाहेर होता. दिव्यांच्या उजेडात. हात पँटला पुसत.

गच्चीखालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत काका थांबले.

"भिंगरीसारखा आवाज होता?" धाकट्या पुतणीनं विचारलं.

"नाही. भिंगरी ओरडायची. हा आवाज हळू होता. ऐकून ऐकून उत्तर शिकलेल्या पोराचा."

नवरा आला. मागचं दार लावलं. बसला. किल्ली फिरवली.

ती बोलली नाही. भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. मला म्हणाली, "काका, मी वाट बघत होते भीतीची. आलीच नाही." हात मांडीवर. डोळे समोर. वळण. मग दुसरं वळण.

तिच्या पाठीत काहीतरी लागलं.

सीटच्या मागून. दोनदा. बारक्या पायांनी. भिंगरी मारते तशी. आणि चार वर्षांत हजारदा म्हटलेलं तिच्या तोंडून निघून गेलं,

"पाय नको मारूस गं."

थांबलं.

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग आरशात पाहिलं. मग रस्त्याकडे.

त्यानंतर त्यानं आरशात पाहिलंच नाही.

बरंच अंतर गेलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"फांदीपासून."

"थांबवू?"

"कशाला?"

"दार उघडू. उतर म्हणू."

तिनं खिडकीबाहेर बघितलं. एकीकडे झाडं. एकीकडे काहीच नाही.

"इथं?"

"मग कुठं? घरी न्यायचं?" त्यानं वेग कमी केला. "घरी भिंगरी आहे."

"माहितीये."

"मग?"

"एवढ्या काळोखात... एकट्या पोराला?"

"अगं, ते काही..."

"माहितीये मला ते काय आहे. लहान आहे पण."

माझ्याशी बोलताना ती म्हणाली, तेव्हाही मला काही वाटत नव्हतं, माया नाही, दया नाही. फक्त लहान मूल रस्त्यात उतरवत नाहीत, एवढं ठाऊक होतं. आणि घरी न्यायचं नाही, एवढंही ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी. मधे नुसता रस्ता.

"उजेड असेल तिथं थांब," ती शेवटी म्हणाली. "माणसं असतील तिथं."

उजेड यायला सव्वा तास लागला.

त्या सव्वा तासात मागून एक शब्द नाही. पाय नाहीत. नवऱ्याला गाणं लावायचं होतं, तिनं लावू दिलं नाही. म्हणाली, "झोपलं असेल."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

घाट उतरल्यावर पेट्रोल पंप लागला. रात्रभर चालणारा. पांढरे दिवे, काचेच्या खोलीत पैसे घेणारी बाई, बाहेर पेंगणारा एक पोरगा. सव्वाअकरा वाजले होते.

ती उतरली. मागचं दार उघडलं.

खुर्ची रिकामी.

बेल्ट लावलेला.

तिनं बटण दाबलं. पट्टे सुटले. ती एका बाजूला सरकून उभी राहिली, भिंगरी उतरताना राहायची तशी.

"उतर," ती म्हणाली. "इथं दिवे आहेत. बाई आहेत आत. भिऊ नकोस."

पंपावरचा पोरगा डोळे चोळत जवळ आला. "मॅडम, हवा भरायचीय?"

"नाही. मूल उतरतंय."

त्यानं दाराकडे बघितलं. एक पाऊल मागे सरला, वाट दिल्यासारखा. झोपेत असेल. सवयीनं सरला असेल.

तिनं मनात शंभर आकडे मोजले. मग दार लावलं.

गाडीत बसली. या वेळी काही विचारलं नाही. नवऱ्यानंही वाट बघितली नाही. किल्ली फिरवली.

घरी पोचले तेव्हा दोन वाजून वीस. सासूनं दार उघडलं.

"आई, औषध..."

"पाच दिलं गं. बाटलीवर लिहिलंय की! मला वाचता येतं." सासू तिच्याकडे बघत राहिली. "काय झालं? रस्ता वाईट होता का?"

"नाही. छान होता."

भिंगरी झोपली होती. नाक वाहत होतं. ती तिच्या शेजारी सकाळपर्यंत बसून राहिली. नुसती बसून.

काका तांब्यातलं पाणी प्यायले.

"म्हणजे ते पंपावर उतरलं," थोरला पुतण्या म्हणाला. त्याला गोष्ट तिथंच संपलेली हवी होती.

"त्या वळणावर आधी काही झालं होतं का काका? अपघात वगैरे?" धाकटी.

"तेच विचारायला ती माझ्याकडे आली होती. त्या रस्त्यावर माझी अकरा वर्षं गेली. तिथला कठडा मी बांधून घेतलाय. जुन्या माणसांना फोन केले, खात्यात जाऊन बसलो. त्या वळणावर कधी काही झालेलं नाही. कुणाचं मूल हरवलेलं नाही, कुणाचं सापडलेलं नाही. काही म्हणजे काही नाही."

"मग?"

"मग दुसरा दिवस उजाडला."

सकाळी साडेआठला भिंगरीला बालवाडीत सोडायचं होतं. नवऱ्यानं गाडी दारात आणली. ती आधी एकटीच गेली. दिवसाउजेडी मागचं दार उघडलं. खुर्ची कोरडी, स्वच्छ. टॉर्च खाली पडलेला. तिनं पट्टे हातात घेतले.

पट्टे खाली आले होते.

त्या खुर्चीला पट्ट्यांसाठी मागे भोकं असतात, पोर वाढेल तसे पट्टे वरच्या भोकात घालायचे. त्यासाठी अख्खी खुर्ची सोडवून काढावी लागते. भिंगरीचे वरून दुसऱ्या भोकात होते. चार बोटं सोलवटून घातलेले. आता सगळ्यात खालच्या भोकात होते. वर्षा-दीड वर्षाच्या पोराच्या मापाचे. घट्ट.

खुर्ची मात्र जागची हललेली नव्हती. तिच्या पायांभोवती महिन्याभराची धूळ तशीच होती.

नवऱ्यानं बघितलं. पाना आणला. खुर्ची काढली. पट्टे वर घेतले. खुर्ची परत बसवली. त्याचे हात सोलवटले, पण या वेळी त्यानं एक अक्षर काढलं नाही. बालवाडीची वेळ टळून गेली होती. दोघांनाही एवढंच हवं होतं की सगळं कालच्यासारखं दिसावं.

मग भिंगरी आली. पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. नाचत आली आणि दारापाशी थांबली.

"चढ बाळा," ती म्हणाली. "उशीर झालाय."

भिंगरी चढली नाही. आत बघत राहिली. खुर्चीकडे. भिंगरी कधी एका जागी उभी राहत नसे. आता पाय हलत नव्हते.

"चढ ना गं."

भिंगरीनं मान वळवून आईकडे पाहिलं. घाबरलेली नव्हती. जरा रुसल्यासारखी.

"आई," ती म्हणाली, "मग मी कुठे बसू?"